सरांचा हर्निया

डॉ. मुकुंदराव निसळ सरांची आणि माझी पहिली भेट पाथर्डीला, त्यांच्या रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीत झाली. मी सर्जरीची पदवी घेऊन नुकताच आलो होतो. गावी शेती, घराण्यात मीच पहिला डॉक्टर, त्यामुळे मान जरा ताठच होती. सरांनी बस म्हटलं, चहा सांगितला आणि समोरच्या पेशंटकडे बोट दाखवून म्हणाले, "यांना हर्निया आहे. हर्निया म्हणजे काय, ते यांना समजावून सांग."

मी पुस्तकातली व्याख्या आधी इंग्रजीत सुरू केली, मग घाईघाईने मराठीत आणली. त्यात उदरपोकळी होती, स्नायुपटल होतं, आणखीही बरंच काही होतं. तो गृहस्थ माझ्याकडे बघत राहिला आणि त्याची बायको सरांकडे. सरांनी मला पुरतं बोलू दिलं. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "सायकल आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की."

"टायरला चीर पडली की काय होतं?"

"ट्यूब भाईर येती. फुगा दिसतो."

"तेच झालंय तुमचं. ट्यूब चांगली आहे, म्हणजे आतडं चांगलं आहे. टायर फाटलाय, म्हणजे पोटाची भिंत एका जागी विरलीय. जोर केला, खोकला, ओझं उचललं की आतडं तिथून बाहेर डोकावतं. आडवे झालात की आत जातं. याला हर्निया म्हणतात."

गृहस्थ मान हलवत म्हणाला, "मंग आतून गेटर टाकावा लागंल." टायरच्या आत चिरेवर रबराचा तुकडा बसवतात, त्याला सायकलवाले गेटर म्हणतात.

"टाकू की. आम्ही त्याला जाळी म्हणतो."

"भाईरून फडकं आवळून न्हाई भागायचं व्हय?"

"सायकलला भागतं का?"

तो हसला, बायकोही पदराआड हसली, आणि ऑपरेशनचा दिवस ठरला. परीक्षेत मी हर्नियावर पानंच्या पानं लिहिली होती. समोरच्या माणसाला सांगता येण्याइतका तो मला त्या दिवशी कळला.

इथपर्यंत गौरवग्रंथातला हा लेख रीतीला धरून झाला. पुढे सरांचं कार्य, त्यांची मूल्यं, त्यांचा जिव्हाळा असा क्रम असतो आणि तो पाळायचा मी प्रयत्न करणार आहे. पण माझं मन थाऱ्यावर नाही, ते आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर पाथर्डी तालुक्यातल्या माणसांचे हर्निया शिवणाऱ्या आमच्या सरांना आता स्वतःलाच हर्निया झाला आहे आणि ते ऑपरेशन पुढे ढकलत आहेत.

संपादक मंडळाने फोन करून विचारलं, "डॉक्टर, शीर्षक बदलता नाही का येणार? बाकीची सगळी कशी 'सेवाव्रती', 'धन्वंतरी' अशी आहेत." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेशंटचं दुखणं चव्हाट्यावर आणू नये, हे मलाही कळतं. म्हणून मी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "छाप. लोकांना सांगत आलो, लाजू नका, नाव घ्या. आता माझ्यावर आल्यावर झाकू होय?" तेव्हा परवानगी त्यांची आहे आणि शीर्षक राहणार आहे.

मला हे कळलं त्याची हकिगत अशी. थंडी सरत आली होती. याच लेखासाठी थोडी माहिती विचारायला मी नगरला सावेडीत सरांच्या घरी गेलो होतो. रुग्णालयाचं काम माझ्यावर सोपवल्यापासून सर आणि मालतीकाकू तिथेच राहतात. सर खुर्चीत बसून जुन्या गोष्टी सांगत होते. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि उजवा हात पँटच्या खिशात गेला. आत जाऊन त्याने जांघ दाबून धरली. उबळ थांबली तसा हात बाहेर आला. पेशंट काय सांगतो ते ऐकायचं, पण खोकताना त्याचा हात कुठे जातो ते बघायचं, हे मला शिकवलं कुणी? याच माणसाने.

"सर, केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

आतून काकू म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीपासून. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मग सरांना उभं राहायला सांगण्याची वेळ माझ्यावर आली. ज्यांच्यापुढे मी कधी पाय सैल सोडून बसलो नाही, त्यांना 'खोका' म्हणायचं होतं. मी ते कसंबसं पुटपुटलो. सर म्हणाले, "मोठ्याने सांग की. पेशंट म्हातारा आहे, त्याला कमी ऐकू येतं." उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगा होता. आडवं झाल्यावर आत जात होता, हीच काय ती समाधानाची गोष्ट. मी म्हणालो, करून टाकू. सर म्हणाले, "समारंभ होऊ दे." हा समारंभ म्हणजे आपण सगळे मिळून सरांच्या सत्काराचा करतो आहोत तोच. त्याआधी म्हणे थंडी होती आणि तिच्याआधी नातीची परीक्षा. लोकांची कारणं ऐकून ऐकून सरांना ती तोंडपाठ झाली असावीत.

आता सरांच्या कार्याबद्दल. आमच्या भागातली निम्मी गावं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि चैत्राच्या सुमाराला परततात. कोयता, मोळी, ट्रकवर चढायची फळी, हेच त्यांचं हिवाळ्यातलं आयुष्य. हर्नियाला याहून चांगली पेरणी नाही. सरांनी ते ओळखून एक प्रथा पाडली. टोळ्या गावी परतल्या की ते शाळेच्या खोलीत पडदा लावून बसत आणि एकेका गड्याला आत बोलवून उभं करून खोकायला लावत. गावोगाव त्याला 'खोकायचा दिवस' म्हणत. बाया पाणी भरताना एकमेकींना सांगत, "आज आमच्यात खोकायचं हाय, मानसं घरीच हायती." उन्हाळ्यात ऑपरेशन झालं की पावसाळाभर विसावा मिळतो आणि दसऱ्याला माणूस कामाला मोकळा होतो, असा त्यामागे हिशेब होता. तालुक्यात यात्रा, उरूस चुकेल, पण हा दिवस चुकत नसे.

तरी ढकलणारे ढकलायचेच. रघुनाथ म्हणून एक तरणा गडी होता. त्याने खोकून दाखवलं, फुगाही दिसला, पण ऑपरेशनला तयार होईना. "औंदाचा सीझन जाऊ द्या, साहेब. मंग तुमी म्हनाल तवा येतो." सरांनी टायर-ट्यूब सांगून झालं, रागावून झालं, बायकोला सांगून झालं. तो करदोड्याला फडक्याची गुंडी बांधून, ती जांघेवर आवळून कारखान्यावर गेला. हंगामाच्या मध्यावर त्याला जीपमध्ये आडवं घालून आणलं तेव्हा फुगा दगडासारखा झाला होता, आत जात नव्हता आणि उलट्या थांबत नव्हत्या. पोट उघडलं तर अडकलेलं आतडं काळं पडलेलं. तेवढं कापून काढावं लागलं. सरांनी कापलं, मी दोन टोकं जोडली. रघुनाथ वाचला. शुद्धीवर आल्यावर सर त्याच्या खाटेशी बसून म्हणाले, "तू थांबलास रे. आतडं थांबत नाही." नंतर कितीतरी दिवस सर स्वतःवरच चिडलेले होते. आपलं समजावणंच कमी पडलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

'आतडं थांबत नाही' हे त्यांचंच वाक्य मी आता त्यांना ऐकवून बघितलं. "मला शिकवू नकोस," असं उत्तर मिळालं.

सरांच्या मूल्यांबद्दल लिहायचं तर ते शब्दापासूनच सुरू करावं लागतं. आमच्याकडे बेंबीच्या खालचं काहीही दुखलं की त्याचं नाव घेत नाहीत. 'खालचा तरास', 'ते दुखनं', फार तर 'आतडं उतरलं'. आणि ज्यांना हर्निया हा शब्द सापडला, त्यांनी तो सगळ्यालाच लावला. अंडकोशात पाणी झालं तरी हर्निया, पोतं उचलताना कंबर धरली तरी हर्निया. सर कुणाला हसले नाहीत. "ते पाणी आहे, हर्निया नाही. आणि कंबरेचं दुखणं निराळं," असं प्रत्येकाला सांगत आणि त्याच्याकडून वदवून घेत. दुखण्याचं नाव नीट घेता आलं की माणूस निम्मा धीट होतो, असं ते म्हणत. तपासणीच्या खोलीत सासऱ्यासमोर सून गप्प बसली किंवा बापासमोर मुलगा, तर ते आधी सासऱ्याला आणि बापाला बाहेर पाठवत.

सगळ्यांत खोल रुतलेला गैरसमज म्हणजे बाईला हर्निया होत नाही. किसाबाई म्हणून एक ऊसतोड करणारी बाई उलट्यांनी बेजार होऊन आली. सासू सोबत होती. तिच्या मते पित्त खवळलं होतं. आधी गावात पित्ताच्या गोळ्या, मग लिंबू-मीठ, असं सगळं करून झालं होतं. सरांनी नाडी बघितली, पोट बघितलं आणि सिस्टरना म्हणाले, "पडद्याआड न्या आणि जांघा बघा." आवळ्याएवढी गाठ निघाली. कुणाला दाखवायची लाज, म्हणून किसाबाई गप्प राहिली होती. लगोलग ऑपरेशन केलं म्हणून आतडं वाचलं. सासू चकित होऊन म्हणाली, "बाईला बी व्हतंय व्हय हे?" सर म्हणाले, "बाईलाही पोट असतं, मावशी. आणि मोळी तीच उचलते ना?" त्या वर्षापासून खोकायच्या दिवशी शाळेची दुसरी खोली बायांसाठी आणि सिस्टरसाठी उघडली जाऊ लागली.

जिव्हाळ्याचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ऑपरेशनसाठी आणलं होतं. कमरेचा करदोडा आड येतो म्हणून कुणीतरी कात्री पुढे केली. बाबा ताडकन उठले, धोतर सावरलं आणि थेट फाटकाबाहेर चालू लागले. आपल्याकडे करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर, हे कात्री धरणाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. सर हातमोजे काढून त्यांच्यामागे रस्त्यावर गेले. "बाबा, कात्री नाही लावत. तुम्हीच सोडा तुमच्या हातांनी आणि मनगटाला बांधा. तुमच्यापाशीच राहील." बाबा म्हणाले, "आन् परत कंबरंला कोन बांधनार?" सर म्हणाले, "मी." आणि टाके झाल्यावर त्यांनी खरोखरच बांधला. तेव्हापासून आमच्या ऑपरेशन थिएटरच्या कपाटात काळ्या दोऱ्याचं रीळ असतं. कुणाचा करदोडा जुना, विरलेला असला तर नवा मिळतो. सर भिक्षुकी करणाऱ्या घरातले, पण त्यांनी या बाबतीत कधी शास्त्र सांगितलं नाही की थट्टा केली नाही. भ्यायलेल्या माणसाला आणखी भिववू नये, एवढंच त्यांचं शास्त्र.

अशी माणसाची भीती ओळखणारे सर. मग त्यांना स्वतःला कसली भीती वाटत असेल, हे मला कळेना, आणि त्यानेच माझं डोकं उठलं. मी पुण्यातल्या एका मित्राशी बोललो. तो दुर्बिणीतून हर्निया करतो, हात चांगला आहे. नगरमधली दोन चांगली नावं काढली. परदेशातला सरांचा मुलगा मला फोनवर फोन करत होता आणि मी त्याला "बघतो, बघतो" म्हणत होतो. काकूंचे फोन वेगळेच. "आज भाजीची पिशवी स्वतः उचलून आणली हो." "आज माळ्यावरचा पंखा काढायला चढले होते." सकाळी लवकर फोन वाजला आणि सरांचं नाव दिसलं की मी अंथरुणात उठून बसायचो. आता अडकलं, आता उलट्या सुरू झाल्या असणार. उचलावा तर सर विचारत, "बंधाऱ्याकडचा तो पेशंट कसा आहे रे?" किंवा असंच काहीतरी. इकडे माझ्या समोर बसलेल्या माणसाला मी दटावत होतो, "थांबू नका, आजच ठरवा," आणि दटावताना माझीच जीभ अडखळत होती. लेख लिहायला बसलो की 'सर दीर्घायुषी होवोत' हे वाक्य डोळ्यांपुढे येई आणि मी उठून फेऱ्या मारायला लागे.

शेवटी गेल्या आठवड्यात मी सावेडीला गेलो आणि सरांवर चक्क आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. "सर, समारंभाच्या आदल्या दिवशी अडकलं तर काय करायचं? हार कुणाला घालायचे? पुण्याला तारीख मिळते आहे. नगरला उद्या होतंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

सरांनी मला संपेपर्यंत बोलू दिलं, पहिल्या दिवशी दिलं होतं तसंच. मग शांतपणे म्हणाले, "मी नाही कुठं म्हणतोय? तू मला पुण्याचं नाव देतोस, नगरची नावं देतोस. तुझं नाव कुठं देतोस?"

मी समोरच्या खुर्चीत बसलो.

"पाथर्डीला, आपल्या टेबलावर, तुझ्या हातून करायचंय मला. तू तपासलंस त्या दिवसापासून वाट बघतोय, हा पोरगा कधी म्हणेल, सर, मी करतो."

"मग सांगायचं तरी, सर."

"मी सांगून तू केलंस तर तो हुकूम झाला. मला हुकमाचं ऑपरेशन नकोय."

काकू दारात उभ्या होत्या. "धन्य आहे दोघांची! एक सांगत नाही आणि दुसऱ्याला विचारायचं सुचत नाही. मधल्या मधे माझा जीव टांगणीला."

म्हणजे इतके दिवस ढकलत होतो तो मीच. सरांच्या पोटाला सुरी लावायची माझी छाती होत नव्हती आणि ती मी चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या नावांमागे लपवत होतो. मी सरळ सांगून टाकलं, "सर, मला भीती वाटते."

"वाटू दे. वाटत नसती तर मी तुझ्या हाती पोट दिलं नसतं." आणि लगेच त्यांनी अट घातली. "भूल तेवढ्या जागेपुरतीच द्यायची. मी जागा राहणार."

"सर, तेवढं नको. तुम्ही झोपा."

"माझ्या वयाला तीच भूल बरी, हे तुलाही ठाऊक आहे. शिवाय तुझं चुकलं तर सांगायला कुणीतरी नको का?"

या अटीवर मी हो म्हणालो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हृदयाचा आलेख काढून झाला, सगळं ठीक आहे. उद्या सकाळी सर पाथर्डीला येताहेत. काकू सोबत येतील. संपादक मंडळाची लेखाची मुदत आजच संपते, म्हणून दुपारची तपासणी आटोपून हे पूर्ण करतो आहे. शेजारच्या खोलीत सिस्टर उद्याची अवजारं निर्जंतुक करायला लावताहेत आणि मी मधेमधे उठून बघून येतो आहे. त्यांनी मला दोनदा बाहेर काढलं.

हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा सर व्यासपीठावर बसलेले असतील. तेव्हा सरांवर प्रेम करणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. शाल द्या, फुलं द्या, पण नारळांची पिशवी, पितळी समई, फोटोची भलीमोठी चौकट त्यांच्या हातात देऊ नका. ते नको म्हणणार नाहीत, उचलतील. आणि हे वाचताना ज्यांचा हात नकळत खिशात गेला असेल, त्यांनीही लाज बाळगू नये. नाव घ्यावं आणि येऊन दाखवावं.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात प्रत्येकाने लिहिलं असेल आणि मनापासून लिहिलं असेल. मीही लिहितो. पण माझी लिहून सुटका नाही. त्या शुभेच्छेतला माझ्या वाट्याचा तुकडा चार बोटं लांबीचा आहे. उद्या सकाळी सरांच्या देखत तो मला नीट शिवायचा आहे.